क्रुएल भरतकामाची लोकर: निवडायची कशी, वापरायची कशी आणि कसरीपासून वाचवायची कशी

क्रुएल शिकायचं ठरवलं की बहुतेक जणी आधी टाक्यांचे व्हिडिओ बघतात, मग डिझाईन शोधतात, मग कापड, आणि सगळं झाल्यावर शेवटी विचारतात की आता लोकर कुठली घेऊ. माझ्या मते हा क्रम बरोबर उलटा हवा. या कामात लोकर हीच सगळी गंमत आहे, टाके तर त्यातले निम्मे आपल्याला शाळेतल्या शिवणाच्या तासापासून येतात, साखळी, उलटी टीप, धावदोरा, गाठीचा टाका, नवीन असं फार काही नसतं. पण धागा चुकला की तेच टाके एकदम बाळबोध दिसतात आणि मग आपल्याला वाटतं की आपला हातच चांगला नाही. म्हणून हा लेख लोकरीपासून सुरू करतेय आणि बाकी सगळं तिच्या मागोमाग येईल.

आधी नेमकं कशाबद्दल बोलतोय ते सांगते. क्रुएल म्हणजे बारीक, दोन पदरी, पिळदार लोकरीच्या धाग्याने घट्ट विणीच्या कापडावर केलेलं भरतकाम, पारंपरिक कापड लिननचं आणि ट्विल विणीचं, म्हणजे तिरप्या रेघा दिसणाऱ्या विणीचं. यात कापडाचे धागे मोजायचे नसतात, क्रॉस स्टिचसारखी चौकट नसते, डिझाईन छापायचं आणि मोकळेपणाने भरायचं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात पलंगाचे मोठमोठे पडदे असे भरायचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अबिगेल पेट नावाच्या बाईच्या पडद्यांचा सेट आहे त्या शतकाच्या शेवटचा, फोटो नक्की बघा, त्यात झाडं, पक्षी, हरणं, काय वाट्टेल ते आहे. या शैलीला जॅकोबियन म्हणतात, पहिल्या जेम्स राजावरून (१६०३ ते १६२५), पण खरा बहर त्याच्यानंतरचा आहे. आणि आपल्यासाठी मजेची गोष्ट म्हणजे त्या वळणदार झाडांचं नातं आपल्या कोरोमंडल किनाऱ्याशी आहे, मछलीपट्टणम वगैरे भागातून ईस्ट इंडिया कंपनी हाताने रंगवलेल्या सुती चादरी न्यायची, पालमपोर म्हणायचे त्यांना, त्यावर तो जीवनवृक्ष असायचा. तिकडची गिऱ्हाइकं आपल्या आवडीचे नमुने इकडे पाठवायची, इकडचे कारागीर ते आपल्या पद्धतीने रंगवायचे, ते बघून तिकडे भरतकाम व्हायचं, असं बरंच जाऊन-येऊन झालेलं आहे.

लोकर ओळखायची कशी

दुकानात नुसतं "लोकर द्या" म्हटलं की आपल्याकडे दहातल्या नऊ वेळा अ‍ॅक्रिलिक हातात पडतं. बोलीत सगळ्यालाच लोकर म्हणतात, त्यात दुकानदाराचा दोष नाही. स्वेटरला, तोरणाला ते चालतं, क्रुएलला अजिबात नाही, कारण अ‍ॅक्रिलिकला वेगळीच प्लास्टिकसारखी चमक असते, ते सुईबरोबर ताणलं जातं आणि टाका घातल्यावर परत आखडतं, मग खालचं कापड चुरमडतं.

खात्री करायची असेल तर जाळून बघा. बोटभर तुकडा चिमट्यात धरा (हातात नको), खाली स्टीलची ताटली ठेवा, आणि काडी लावा. खरी लोकर लगेच भडकत नाही, कुरकुर करत आकसते, ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते, वास केस जळल्याचा येतो आणि मागे काळी गुठळी राहते ती बोटांत चुरली की भुगा होतो. अ‍ॅक्रिलिक मात्र भरभर पेटतं, काळा धूर, वितळून थेंब पडतात, आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो जो चुरत नाही. मिश्र धागा असेल तर दोन्हींचं थोडं थोडं दिसतं, वास लोकरीचा आणि मणी टणक. असा धागा परत करा.

आता शुद्ध लोकर आहे एवढ्यानेही भागत नाही. लोकरीचे धागे दोन तऱ्हांनी बनतात. एकात आखूड-लांब सगळे तंतू पिंजून एकत्र कातले जातात, तो धागा फुगीर आणि केसाळ होतो. दुसऱ्यात आखूड तंतू विंचरून काढून टाकतात आणि लांब तंतू एका दिशेला आडवे लावून कातात, त्याला वुर्स्टेड म्हणतात, तो गुळगुळीत, घट्ट आणि जरासा तुकतुकीत असतो. क्रुएलला हा दुसरा हवा. का, तर भरतकामात एकच धागा कापडातून तीस-चाळीस वेळा वरखाली जातो, पिंजलेल्या लोकरीचा तोवर कापूस होतो.

यावर कोणीतरी विचारणारच की मग आपली दख्खनी मेंढीची लोकर का नाही? धनगरांची घोंगडी ज्या लोकरीची होते ती आखूड आणि राठ असते, पिंजून कातलेली, घोंगडीला तीच योग्य, ऊन-पाऊस सगळं झेलते. पण बारीक पाकळी भरायला तिचा उपयोग नाही. दुसऱ्या टोकाला मऊ मेरिनो, बाळाच्या टोपीसाठी मिळते ती, तिचा पीळ सैल आणि ताण जास्त, ती चालवून घेता येते पण छोटे धागे कापून वापरावी लागते.

परदेशी धाग्यांत सगळ्यात ओळखीचं नाव अ‍ॅपल्टन्स, १८३५ पासूनची इंग्लिश कंपनी, ४२१ शेड्स. त्यांच्या क्रुएल लोकरीची लडी साधारण २५ मीटरची असते. मागवताना "टेपेस्ट्री वूल" असं लिहिलेलं घेऊ नका, तो जाड धागा जाळीच्या कॅनव्हासवर भरायचा असतो. पर्शियन यार्न नावाचाही एक प्रकार आहे, तीन पदर सैल एकत्र असतात, ते सुटे करून एकेक वापरता येतात, पण तो एक पदरही क्रुएलपेक्षा जाड असतो, उशीच्या कव्हरवर मोठी पानं भरायला बरा.

नातेवाईक लंडन-न्यू जर्सीला असतील तर त्यांच्याकडून मागवा, वजन काहीच नसतं. नसतील तर इथे विणकामाच्या चांगल्या दुकानात किंवा ऑनलाइन "लेस वेट, टू प्लाय, शंभर टक्के वूल" असं शोधा, म्हणजे अगदी बारीक, दोन पदरी, शुद्ध लोकर, वुर्स्टेड कातलेली आणि सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) नसलेली असेल तर उत्तम. इथे एक घोळ सांभाळा, विणकामात वुर्स्टेड हा शब्द धाग्याच्या जाडीसाठीही वापरतात, त्या जाडीची लोकर आली तर ती सुईच्या नेढ्यातही जाणार नाही.

शेड्स निवडताना

नवशिक्यांची सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे जरा थांबते. आपण दुकानात गेलो की एक लाल, एक पिवळा, एक हिरवा, एक निळा असं घेतो. क्रुएलमध्ये रंग कमी आणि एका रंगाच्या छटा जास्त लागतात. अ‍ॅपल्टन्सचे नंबर याच हिशेबाने आहेत, ९२१ ते ९२९ हे एकाच मळकट निळ्याचं कुटुंब, आकडा वाढेल तसा रंग गडद. ७४१ ते ७४९ हाही निळाच पण झळझळीत. पहिल्या कामासाठी दोन कुटुंबं घ्या, एक निळं-हिरव्याकडचं आणि एक उबदार, विटकरी किंवा मधासारखं, प्रत्येकातल्या चार छटा, आणि वर एकच लडी अगदी गडद तपकिरी. एवढ्यात तीन पानं, दोन फुलं आणि एक पक्षी आरामात होतो.

"मळकट" ऐकून नाक मुरडू नका. जुन्या कामांचे रंग शांत का दिसतात, तर ते वनस्पतींचे आणि किड्यांचे रंग होते, निळ्यासाठी वोड नावाची वनस्पती किंवा नीळ, लालसाठी मंजिष्ठेच्या जातीतलं मॅडर आणि कोचिनियल किडा, पिवळ्यासाठी वेल्ड नावाचं झाड, रंग पक्का व्हायला तुरटी. फ्रान्समधल्या बायो गावाचा जो जगप्रसिद्ध भरतकामाचा पट्टा आहे, जवळजवळ ७० मीटर लांब, अकराव्या शतकातला, तो याच पद्धतीच्या लोकरीने लिननवर भरलेला आहे आणि त्यात लोकरीच्या जेमतेम दहा छटा आहेत. घोडे सुद्धा निळे-हिरवे आहेत त्यात, आणि बघणाऱ्याला खटकत नाही.

जुन्या इंग्लिश पडद्यांत पानं निळी दिसतात ती मात्र मुद्दाम केलेली नाहीत. हिरवा रंग एका झाडातून नीट मिळायचा नाही, म्हणून लोकर निळीत बुडवून वर वेल्डचा पिवळा चढवायचे, पुढे उजेडाने पिवळा उडून गेला आणि निळा टिकला. आज आपण तीच निळी पानं बघून "जॅकोबियन कलर स्कीम" म्हणतो! यातून घ्यायचं काय, तर हाताने रंगवलेली, नैसर्गिक रंगाची लोकर आणलीत तर तिचा तुकडा निम्मा काळ्या कागदात गुंडाळून खिडकीत महिनाभर ठेवा, मग उघडून दोन्ही भाग शेजारी बघा. उडालेला दिसला तर ती लोकर भिंतीवरच्या फ्रेमसाठी वापरू नका. हळदीच्या पिवळ्यावर तर बिलकुल भरवसा ठेवू नका, तो उन्हात सगळ्यात आधी जातो.

किती लोकर लागेल याचा ठोकताळा कोणी दिला तरी मानू नका, प्रत्येकीचा हात वेगळा. एक मीटर धागा मोजून कापा, चिंधीवर भरीव टाक्याने भरा, किती जागा भरली ते मोजा, त्यावरून हिशेब करा आणि वर थोडी जास्तच धरा. एका छटेच्या सगळ्या लड्या एकाच वेळी घ्या, कारण रंगाचा घाणा बदलला की नंबर तोच असूनही फरक पडतो आणि तो फरक नेमका पानाच्या मधोमध दिसतो.

कापड, रिंग, सुई

लिनन ट्विल मिळालं तर प्रश्नच मिटला, पण ते महाग. आपल्याकडे जाड सुती ड्रिल किंवा गॅबर्डिन, रंग मोतिया, हे चांगलं काम देतं, काश्मीरमध्ये तर क्रुएल जाड सुती दुसुतीवरच करतात. विणीत फटी दिसत असतील तर नको. सुती कापड आधी गरम पाण्यातून काढून आटवून घ्या, भरल्यावर आटलं तर लोकरीला गोळे येतात.

रिंग लाकडी, आतल्या कडीला पांढरी सुती पट्टी गुंडाळलेली. कापड इतकं ताणा की टिचकी मारली की तबल्यासारखं वाजलं पाहिजे. काम संपलं की रोज रिंग काढून ठेवा, भरलेल्या भागावर कडी दाबली जाते. मोठं काम असेल तर चौकटच घ्या.

सुई शनील घ्या, टोक अणकुचीदार आणि नेढं लांब, एकेरी धाग्याला २२ नंबर, दुहेरीला २०, आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. सुई धाग्यापेक्षा किंचित जाडच हवी, ती कापडात भोक पाडून धाग्याला वाट करून देते. बारीक सुई घेतली की लोकर कापडाशी घासत जाते आणि चौथ्या टाक्याला विरते.

छापणं

उजेडाच्या खिडकीवर कागद लावून वर कापड धरून बारीक पेनाने उतरवणं सगळ्यात सोपं. कापड जाड असेल तर ट्रेसिंगवाल्याकडे जा, टोचलेल्या कागदावरून रॉकेलमधली पावडर फिरवून ते छापून देतात, फक्त रेघ बारीक ठेवायला सांगा. पेन्सिल टाळा, शिसं फिक्या लोकरीला लागून ती काळपट होते. पाण्याने जाणारं निळं पेन वापरलंत तर ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय इस्त्री लावू नका, उष्णतेने ती शाई कायमची बसते. आणि उष्णतेने पुसणारी जी जेल पेनं मिळतात ती तर नकोच, गारठ्यात त्यांची रेघ परत उमटते, आणि पुढे कसर मारायला लोकरीचं काम फ्रीजरमध्ये ठेवायची वेळ येते तेव्हा कळतं.

ओवणं आणि सुरुवात

धागा एक हात लांब, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून जास्त नाही. लांब धाग्याने वेळ वाचतो हा भ्रम आहे. आता धागा दोन बोटांत धरून एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून ओढून बघा, एका दिशेने तो गुळगुळीत जातो, दुसऱ्या दिशेने किंचित खरखरतो. ज्या टोकापासून ओढायला सुरुवात केल्यावर गुळगुळीत लागला ते टोक नेढ्यात घाला. कधी कधी फरक जाणवतच नाही, मग सोडून द्या, त्यावरून डोकं खाजवत बसू नका.

लोकर थुंकी लावून ओवायची नाही, ती फुगते. धागा सुईवर दुमडा, चिमटीत घट्ट दाबा, सुई बाहेर काढून घ्या आणि चिमटीतून डोकावणारी ती चपटी घडी नेढ्यात सरकवा.

मागे गाठ मारायची नाही. गाठ वरच्या बाजूला मारून कामाच्या रेषेवर जरा लांब ठेवा, तिच्याकडे येताना दोन इवलेसे टाके रेषेवरच घाला जे पुढे झाकले जातील, जवळ आलात की गाठ कापून टाका. संपवतानाही तसेच दोन छोटे टाके, न भरलेल्या जागेत, आणि धागा वरूनच कापायचा. यामुळे मागची बाजू सपाट राहते आणि फ्रेम केल्यावर पुढे उंचवटे येत नाहीत.

भरायचा क्रम आणि टाके

मागे असलेलं आधी, पुढे असलेलं नंतर. टेकड्या, मग खोड, मग पानं, फुलं, सगळ्यात शेवटी गाठीचे टाके, कारण ते आधी केले तर हाताने चेपतात.

खोड-फांद्यांना देठाचा टाका किंवा साखळी, गडद छटेपासून फिक्याकडे ओळीला ओळ लावून. साखळी फार ओढू नका. जॅकोबियन कामात मोठ्या पानांच्या पोटात जाळी असते ती बघायला भारी आणि करायला सोपी: समांतर लांब धागे अर्ध्या सेंटीमीटरच्या अंतराने तिरपे टाका, मग उलट्या दिशेने, चौकटी तयार होतील, आणि जिथे धागे एकमेकांवरून जातात तिथे दुसऱ्या छटेचा छोटा टाका घालून बांधा. अंतर आधी खुणा करून घ्या, डोळ्याने धरलं तर टोकाला जाईपर्यंत वाकडं होतं. पूर्ण भरीव भाग पटकन हवा असेल तर बायोच्या पट्ट्यातली युक्ती वापरा: पृष्ठभागावर धागे शेजारी शेजारी आडवे, वरून थोड्या अंतरावर उभे, आणि ते उभे धागे बारीक टाक्यांनी बांधलेले. जवळपास सगळी लोकर वरच राहते, मागे जेमतेम दिसते, त्यामुळे लोकरही वाचते.

आता लाँग अँड शॉर्ट, म्हणजे छटा एकमेकींत मिसळणं. हे जमलं की क्रुएल जमलं. एक पान घ्या, तीन इंचांचं. आधी कडेवरून सगळीकडे स्प्लिट स्टिच घाला, म्हणजे पुढचा टाका मागच्या टाक्याच्या धाग्याला फाडून वर येतो, दोन पदरी लोकर इथे छान फाटते. मग सगळ्यात गडद (किंवा सगळ्यात फिकी) छटा घेऊन कडेपासून सुरुवात. सुई आतून वर काढा आणि कडेच्या त्या टिपेच्या पलीकडे खाली घाला, टिपेला चिकटून. असं केल्याने कड जराशी उचललेली आणि कापल्यासारखी स्वच्छ येते. पहिला टाका एक सेंटीमीटर, दुसरा पाऊण, तिसरा परत एक, पण अगदी नियमाने लांब-आखूड-लांब-आखूड केलंत तर आतली कड करवतीसारखी दिसेल, म्हणून थोडं बेशिस्त असू द्या.

दुसरी ओळ पुढच्या छटेची. यावेळी सुई पहिल्या ओळीच्या टाक्यांतून, चांगली एक तृतीयांश आत, धागा फाडून वर काढा आणि पुढे रिकाम्या जागेत घाला. बहुतेक जणी इथे कंजुषी करतात, पहिल्या ओळीच्या अगदी टोकाला टोचतात आणि मग दोन छटांमध्ये पट्टा दिसतो. आत घुसा. लोकरीचे तंतू फुलून एकमेकांत मिसळतात, रेशमाच्या धाग्यात ही माफी नसते. दिशा सगळी पानाच्या शिरेकडे झुकलेली हवी, म्हणून छापतानाच पाच-सहा दिशादर्शक रेघा मारून घ्या. मध्येच धागा पातळ, निस्तेज दिसायला लागला की तो संपला असं समजा, वीतभर उरला असला तरी बदला. आणि दर पाच-सहा टाक्यांनी सुई लोंबकळती सोडून पीळ सुटू द्या.

आपल्याकडे ब्लाऊजच्या आरी वर्कचे क्लास गल्लोगल्ली आहेत, ज्यांना ते येतं त्यांनी काश्मिरी पद्धत जरूर करून बघावी. तिथे सुईऐवजी आरीच वापरतात, धागा खालून धरायचा आणि हुक वरून टोचून साखळी ओढत जायची, फुलं आतून बाहेर गोलगोल भरायची. जरीच्या कामाची आरी फार बारीक पडते, लोकरीला जाड हुकची घ्या. वेग सुईच्या कितीतरी पट, पडदे-सोफ्याचं कापड तागेच्या तागे त्यामुळेच होतं. छटा मिसळणं मात्र त्यात सुईसारखं होत नाही.

काम झाल्यावर

इस्त्री वरून दाबायची नाही. पाटावर किंवा थर्माकोलवर जाड टॉवेल, त्यावर काम सुलट ठेवून चारी बाजूंनी ताणून न गंजणाऱ्या पिना लावा, गार पाण्याचा स्प्रे मारा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, सुरकुत्या जातात. स्प्रेच्या आधी प्रत्येक छटेचा तुकडा ओल्या पांढऱ्या कपड्यात दाबून बघा, विशेषतः लाल, रंग सुटत असेल तर ओलं करूच नका, मागून नुसती वाफ द्या. गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की लोकरीचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट बसतात, त्यामुळे धुण्याच्या मशीनचा विचारही नको.

राहिली कसर. लोकरीचे कपडे ट्रंकेत ठेवून ज्यांनी भोकं बघितली आहेत त्यांना सांगायला नको. नुकसान पतंग करत नाही, त्याची अळी करते, आणि तिला अंधार आणि शांतता आवडते. अमेरिकेत डिअरफील्ड गावात १८९६ मध्ये मार्गारेट व्हाइटिंग आणि एलन मिलर यांनी जुन्या क्रुएलचं पुनरुज्जीवन करायला संस्था काढली, तर जुन्या कामांना कसर लागलेली बघून त्यांनी लोकर सोडून रंगवलेला लिननचा धागाच घेतला, इतका हा त्रास जुना आहे. आपण एवढं टोक गाठायला नको. डांबराच्या गोळ्या धाग्याला लागून ठेवू नका, वास जाता जात नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण सुकवून आणि कापडी पुरचुंडीत. पण खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा डबा उघडून लड्या हलवणं, कोकणात-मुंबईत पावसाळ्यात तर दर आठवड्याला, शिवाय सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर कसरीआधी बुरशीच येते.

शंका आलीच तर लोकर किंवा काम झिपच्या पिशवीत, हवा काढून, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. नवीन आणलेली प्रत्येक लडी, विशेषतः कोणाच्या तरी जुन्या साठ्यातली, आधी या वाटेने जाऊ द्या आणि मगच आपल्या डब्यात. लडीवरची नंबरची पट्टी कापून टाकू नका, उरलेल्या धाग्यांच्या तुकड्यांनाही पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर लिहून लटकवा, पुढच्या कामाच्या छटा त्याच पुठ्ठ्यावरून दिवसाच्या उजेडात ठरवता येतात, मोबाईलच्या स्क्रीनवरून नाही.